हँडब्रेक लावलेली गाडी

ठाकूरद्वार,
९ जानेवारी २०२५

नलूताई,

नमस्कार. पाकीट बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोन कानाशी नेला की माझं श्रवणयंत्र शिट्टी मारतं, तू पलीकडून नुसती "हॅलो, हॅलो" करत राहतेस आणि शेवटी दोघंही वैतागून ठेवून देतो. मोबाइलवरची अक्षरं तुला दिसत नाहीत. तेव्हा ठाकूरद्वार ते माटुंगा पोस्टानं. पोस्टमन आपल्याला हसत असेल तर हसू दे.

काल आपली गाडी कोणीतरी फोडली. आपली म्हणजे अनुजाची. बायको गेल्यापासून गाडी वाडीतच उभी असते, मला कुठे तिच्यासारखी चालवता येते. रविवारी इंजिन चालू करतो, थोडी पुढे, थोडी मागे, बस. काल दुपारी जेवून आडवा झालो होतो, संध्याकाळी खाली उतरलो तर ड्रायव्हरच्या बाजूची काच फुटलेली, सीटवर काचांचा खच आणि दारावर हा एवढा ओरखडा. अनुजा असती तर तिनं अख्खी वाडी गोळा केली असती. मी नुसता उभा राहिलो. दोघे-तिघे बाजूनं गेले, एकानंही विचारलं नाही.

कोणी केलं हे मला माहीत आहे. तळमजल्यावरच्या जयवंत राऊळचा मुलगा मयूर. आमच्या वाडीची रीत तुला ठाऊकच आहे. गाड्या दोन रांगांत लागतात. बाहेरच्या रांगेतल्यानं गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची आणि हँडब्रेक काढायचा, म्हणजे आतल्याला निघायचं असलं की तो ती हातानं ढकलून बाजूला करतो. माझी गाडी बाहेरच्या रांगेत असते आणि मी हँडब्रेक लावतो. कोणीही उठावं आणि माझी गाडी ढकलावी हे मला पसंत नाही. ज्याला हलवून हवी त्यानं दुसऱ्या मजल्यावर यावं, बेल वाजवावी, मी लगेच खाली येतो. परवा मागच्या इमारतीतले डॉक्टर आले होते. त्याआधी शाळेत शिकवणारी मधुरा आली, ती तर पाणी पिऊन, पाच मिनिटं बसून गेली. नाताळात दोन दिवस ओळीनं कोणी ना कोणी आलं. कोणाची काही तक्रार नाही. हा मयूर मात्र मागच्या महिन्यात दारात उभा राहून म्हणाला, "काका, सगळे न्यूट्रलमध्ये ठेवतात, तुमचंच काय वेगळं? रोज रोज वर यायचं काय? एक दिवस काच फोडून ब्रेक काढीन हां." हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकलेत, यंत्र लावलेलं होतं.

जयवंतच्या कानावर घालावं म्हटलं, तर त्यांचं दार बंद. गावाला गेला असेल, जानेवारीत जातोच तो मालवणला.

तू फोर्टात आयुष्यभर विम्याच्या क्लेम खात्यात होतीस. आता काय करायचं ते सांग. कंपनी देते का अशा नुकसानीचं? की वाडीच्या मालकाला धरायचं? की सरळ मयूरला?

तुझा,
हेमू

•

माटुंगा,
१३ जानेवारी

हेमू,

शाबास. सत्तरी ओलांडलीस आणि अजून काही फुटलं की ताईकडे. आलास ते बरं केलंस.

आधी घाबरायचं सोड आणि नीट वाच. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर एक छदामही मिळणार नाही, कारण तो तू दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीसाठी असतो. पण मीच अनुजाला सांगून पूर्ण पॉलिसी घ्यायला लावली होती आणि दर वर्षी तीच चालू ठेव म्हणून तुझ्या कानीकपाळी ओरडत आले आहे. ती चालू असेल तर कोणी मुद्दाम केलेली नासधूसही त्यात बसते. कंपनीला ताबडतोब कळव. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत गाडीला हात लावू नकोस, काचा झाडू नकोस. लोक पहिला झाडू मारतात आणि मग पुरावा नाही म्हणून रडत येतात. माझ्या टेबलासमोर असे किती बसून गेले.

वाडीचा मालक हात वर करणार आणि त्याचं बरोबरही आहे. तो तुझ्याकडून गाडी सांभाळायचे पैसे घेतो का? नाही ना? मग त्याच्यावर जबाबदारी नाही. उभी करू देतो एवढाच त्याचा उपकार.

पोलिसांत अर्ज दे, पण त्यात "अज्ञात व्यक्ती" असं लिही. मयूरचं नाव घालू नकोस. संशय वेगळा आणि पाहिलेलं वेगळं. एकदा नाव कागदावर गेलं की ते पुसायला फार वर्षं लागतात हे मी पाहिलं आहे.

आणि मला या प्रश्नांची उत्तरं पाठव. आतून काही चोरीला गेलं का? काच फुटली तेव्हा गाडी जिथे होती तिथेच सापडली का? फोटो काढून दुकानातून मोठे छापून घे आणि पाठव, माझ्याकडे भिंग आहे.

इकडे ठीक. अर्णव पंधरा दिवसांतून एकदा कॅनडाहून व्हिडिओवर येतो. मला त्याचं नुसतं नाक दिसतं. तो म्हणतो, आई, छान दिसतेस. मी म्हणते, तूही. सुंदराबाई सकाळी येते, पोळ्या लाटते, तिच्या सुनेच्या चहाड्या सांगते आणि जाते. गुडघ्यांमुळे मी दिवाळीपासून खाली उतरलेले नाही. तुझं पाकीट आलं तेव्हा मी ते दुपारपर्यंत उघडलंच नाही, पुरवून ठेवलं. तू हसशील.

उद्या संक्रांत. तिळगूळ पाकिटातून पाठवला तर मुंग्या लागतील, म्हणून नुसतेच आशीर्वाद.

नलूताई

•

ठाकूरद्वार,
१९ जानेवारी

नलूताई,

तुझं पत्र एक दिवस उशिरा आलं. मी आदल्याच दिवशी पोलिसांत अर्ज देऊन आलो होतो आणि त्यात मयूरचं नाव घातलं. काय करणार, हवालदारानं विचारलं, "कोणावर संशय?" मी सांगून टाकलं. त्यानं लिहून घेतलं. आता झालं ते झालं.

तेव्हापासून वाडी मूग गिळून बसली आहे. मी जिना उतरलो की खालचं बोलणं थांबतं. माझे कान गेलेत, पण बोलणं थांबलेलं मला कळतं. संक्रांतीला दर वर्षी मुलं ताटली घेऊन वर येतात, यंदा एकही आलं नाही. मी रेवडी आणून ठेवली होती. ती अजून तशीच डब्यात आहे.

सर्व्हेअर मात्र चांगला निघाला. अभिषेक नावाचा तरुण मुलगा. फोटो काढले, मोजमापं घेतली. मी त्याला चहाला वर बोलावलं, तो आला. दीड तास बसला. त्याच्या बायकोचं बाळंतपण, त्याचं डोंबिवलीचं घर, सगळं बोलला. जाताना म्हणाला, "काका, काळजी घ्या." मी गॅलरीतून तो ठाकूरद्वारच्या नाक्यावर वळेपर्यंत बघत होतो. खोटं कशाला बोलू, काच फुटली म्हणून तो आला हे त्या वेळी मला बरं वाटलं.

तुझी उत्तरं. चोरीला काही गेलं नाही. रेडिओ जागेवर, अनुजाचा काळा चष्मा खणात, तिची छत्री मागच्या सीटवर. गाडी मात्र होती तिथे नव्हती. चार-पाच हात पुढे, बुजवलेल्या विहिरीच्या कठड्यापाशी होती. हँडब्रेक खाली होता. मला वाटलं या वेळी मीच लावायला विसरलो असेन. पुढच्या चाकाखाली दगड होता, तो ओढून काढताना माझं बोट चेंगरलं. फोटो सोबत आहेत. मागच्या डिकीवर धुळीत काहीबाही उमटलंय, पोरांनी केलं असेल.

आणि हो, कंपनीचा मोबाइलवर संदेश आला. "प्रिय अनुजा, आपला दावा नोंदवला आहे." दोनदा वाचला. गाडीचे कागद अजून तिच्याच नावावर आहेत. मी बदलले नाहीत. दर वर्षी नूतनीकरणाचा संदेशही तिच्याच नावानं येतो, मी पैसे भरतो. तेवढं एकच तिच्या नावानं येतं आता. त्यात काही बिघडत नाही ना?

जयवंतचं दार अजून बंदच आहे. त्याची सून प्राची डबा घेऊन घाईघाईनं येते-जाते, माझ्याकडे बघत नाही. मी यंत्र काढून ठेवलं तरी आता काही फरक पडत नाही.

तुझा,
हेमू

•

माटुंगा,
२५ जानेवारी

हेमू,

तुझं पत्र मी तीन दिवस उशाखाली ठेवलं होतं. आधी वाईट बातमी सांगते.

क्लेम गेला. विमा ज्याच्या नावावर असतो तो माणूस गेला की वारसाला तीन महिन्यांत गाडी आणि पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. तू दोन वर्षं मेलेल्या माणसाच्या नावानं हप्ते भरत बसलास. कंपनी म्हणणार, अनुजाबाई हयात नाहीत, तर आमचा करार कोणाशी? आणि कायद्यानं ती बरोबर आहे. मी त्या खुर्चीवर असते तर मीही हेच लिहिलं असतं. मला विचारलं का नाहीस रे? मी विचारलं असतं तर सांगितलं असतंस का? नसतंस. कारण मी म्हटलं असतं बदल, आणि तुला बदलायचं नव्हतं. रागावले होते तुझ्यावर. मग अर्णवच्या बाबांच्या नावाचं वर्तमानपत्राचं बिल आठवलं. ते मी अजून त्यांच्याच नावानं घेते. तेव्हा राग गेला.

आता दुसरी गोष्ट. यासाठी तुझ्या क्लेमचा मला काही उपयोग नाही, पण तुझ्या फोटोंचा आहे.

भिंगातून पाहिलं. डिकीवरच्या धुळीत पोरांनी काही लिहिलेलं नाही. ते पंजे आहेत, हेमू. मोठ्या माणसांचे, पाच-सहा जणांचे, एकाच दिशेनं जोर लावलेले. आता तू सांगितलेलं सगळं एकापुढे एक मांड. काच फोडली ती ड्रायव्हरच्या बाजूची, पुढची मोठी नाही. आत हात घातला. चष्मा घेतला नाही, रेडिओ घेतला नाही, फक्त हँडब्रेक खाली केला. गाडी चार-पाच हात ढकलली. आणि मग कोणीतरी वाकून चाकाखाली दगड लावला, म्हणजे ती उताराला घरंगळून कठड्यावर आपटू नये.

इतक्या वर्षांत मी नासधुशीच्या केसेस कमी पाहिल्या नाहीत. ज्याला नासधूस करायची असते तो जाता जाता तुझ्या गाडीची काळजी घेत नाही.

त्या दुपारी कोणालातरी फार घाईनं बाहेर पडायचं होतं. आणि तू म्हणतोस, तू घरात होतास. मग ते आधी वर आले नाहीत असं कसं होईल? तुझं यंत्र कानात होतं का?

आणखी एक विचारते, ताई म्हणून. तू हँडब्रेक का लावतोस? गाडी सांभाळायला, असं मला सांगू नकोस. तुझ्या पहिल्या पत्रात गाडीबद्दल जेवढं आहे त्याहून जास्त कोण कोण बेल वाजवून गेलं ते आहे. डॉक्टर आले, मधुरा पाणी पिऊन गेली, नाताळात कोण कोण आलं. तुला वाटलं मला कळणार नाही.

प्राचीला जाऊन विचार. अर्जात नाव घातलंस ना, मग विचारायचीही हिंमत कर. विचारल्याशिवाय मला लिहू नकोस. हे लिहिताना मलाच जड जातं आहे, कारण तू लिहिलं नाहीस तर माझ्या पेटीत फक्त विजेचं बिल येतं.

नलूताई

•

ठाकूरद्वार,
८ फेब्रुवारी

नलूताई,

विचारलं.

प्राची नळावर होती. यंत्र लावून गेलो होतो. म्हटलं, त्या दिवशी काय झालं ते मला सांग. तिनं बादली खाली ठेवली आणि एका दमात बोलली. तिचेच शब्द लिहितो, मला माझे सुचत नाहीत.

"काका, बाबांना जेवताना झटका आला. तोंड वाकडं झालं, हात उचलेना. अँब्युलन्सवाला बोलला गल्लीत गाडी येणार नाही, नाक्यावर आणा. यांची गाडी आतल्या रांगेत, बाहेर तुमची. तीनदा वर आले मी. बेल वाजवली, दार बडवलं, हाका मारल्या. आत पंखा फिरतोय, चपला दारात. आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम उघडत नाही. त्या दिवशीच्या बोलण्याचा राग धरलाय. मग यांनी काच फोडली. डॉक्टर बोलले, अजून उशीर झाला असता तर गेलेच होते."

नलूताई, मी आत झोपलो होतो. यंत्र चार्जिंगला लावलं होतं. तू विचारलंस, हँडब्रेक का लावतो. तुला कळलंच आहे, तरी लिहितो. बेल वाजावी म्हणून. अनुजा गेल्यावर पहिले काही महिने लोक आले, मग कोण कशाला येईल? एकदा चुकून ब्रेक लागलेला राहिला आणि तीन जणं वर आली. त्या दिवशी मी तीन माणसांशी बोललो. दुसऱ्या दिवशी मी तो मुद्दाम लावला. कोणाचं नुकसान करायचं माझ्या मनात नव्हतं. माणसं वर येतील, दोन शब्द बोलतील, एवढंच. आणि ज्या दिवशी कोणी खरोखर जिवाच्या आकांतानं माझ्या दारावर आलं, त्या दिवशी मला ऐकू आलं नाही.

जयवंत गावाला गेलेलाच नव्हता. तो इस्पितळात होता आणि मी त्याच्या मुलाच्या नावानं अर्ज देत होतो. बाप अतिदक्षता विभागात असताना मयूरला दोन वेळा पोलिसांनी बोलावलं. त्यानं सांगितलं, हो, काच मी फोडली. का फोडली तेही सांगितलं. पण अर्ज माझा, तो मी मागे घेतल्याशिवाय निकाली निघणार नाही असं ते म्हणाले. विमानतळावर त्याची नवी नोकरी ठरली आहे, तिच्यासाठी पोलिसांचा दाखला लागतो, तो या अर्जापायी अडकला होता. हे सगळं प्राचीनं सांगितलं. मयूर माझ्याकडे एकदाही बोलायला आला नाही. आला असता तरी मी यंत्र लावलं असतं का कोण जाणे.

अर्ज मागे घेतला. दुसऱ्याच दिवशी सकाळी गेलो. लिहून दिलं की गाडी मी वाडीच्या रीतीविरुद्ध वाट अडवून लावली होती, काच माणसाचा जीव वाचवायला फोडली गेली, माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. हवालदार म्हणाला, "काका, एवढं लिहायची गरज नाही." मी म्हटलं, असू दे. दाखला पुढे गेला असं कळलं.

कंपनीचं पत्रही आलं. तू म्हणालीस तेच. "प्रिय अनुजा, आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे." ते तिच्या फोटोखालच्या खणात ठेवलं आहे. यापुढे तिच्या नावानं काही येणार नाही.

काच बसवून घेतली. गाडी आता न्यूट्रलमध्ये असते, हँडब्रेक काढलेला. सकाळी मी गॅलरीत बसतो. खाली कोणीतरी येतं, माझी गाडी ढकलतं, आपली काढतं, माझी परत जागेवर लावतं आणि जातं. वर कोणी बघत नाही. बघायचं कारणच राहिलं नाही.

तुझा,
हेमू

•

माटुंगा,
१३ फेब्रुवारी

हेमू,

बरं केलंस. आता क्लेमबद्दल मला काही विचारू नकोस, तो विषय संपला. गाडी आपल्या नावावर कर, अनुजाचा मृत्यूचा दाखला घेऊन आरटीओत जा. ती गाडी चालवायची, तिला कागदांत बसून राहायला आवडलं नसतं.

जबाबदारीचं म्हणशील तर कायदा काय म्हणतो ते तुला ठाऊक झालंच आहे. वाट अडवणारा तू, उशीर तुझ्यामुळे, काच तुझी गेली, फिटंफाट. कोणीही वकील हेच सांगेल. पण तुला ते पटणार नाही, कारण तुझ्यावर दावा लावणारं कोणी नाही. तूच लावून बसला आहेस.

खाली जा. जयवंत घरी आला असेल तर त्याला भेट. तो तुझा लहानपणचा मित्र आहे, ठाकूरद्वारपासून चौपाटीपर्यंत तुम्ही एकाच सायकलवर डबल सीट फिरायचात. माझ्या साडीला त्याच सायकलच्या चेनचं तेल लागलं होतं आणि आईच्या शिव्या मी खाल्ल्या होत्या.

दोन जिने उतर, डावीकडे वळ.

नलूताई

•

ठाकूरद्वार,
२० फेब्रुवारी

नलूताई,

जमत नाही.

जयवंत घरी आलाय. दार उघडं असतं, दारातून त्याची खाट दिसते. मी रोज पत्राच्या पेटीच्या निमित्तानं तिथपर्यंत उतरतो. पेटीत काही नसलं तरी उतरतो. त्यांच्या दारासमोर आलो की पाय पुढे पडत नाहीत. एकदा त्याची नजर माझ्यावर पडली. ओळखलं की नाही ते कळलं नाही. पूर्वी तो खालून हाक मारायचा, "हेमू, येतंस काय रे?" आता त्याला बोलता येत नाही म्हणे. नुसते आवाज निघतात.

मी आत जाऊन काय सांगू? की तुझी सून माझं दार बडवत होती तेव्हा मी घोरत होतो? की तुझ्या मुलाला चोर ठरवून आलो? मयूर समोरून आला की मी जिन्यात आडोशाला होतो. त्यानं तोंड फिरवलं तर मला सहन होणार नाही, आणि त्याला फिरवायचा हक्क आहे.

गाडी विकून टाकावी म्हणतो. मग खाली उतरायलाही कारण नको. तू काळजी करू नकोस. माझं जेवण व्यवस्थित चालू आहे. घरात शांतता आहे, यंत्र बहुतेक काढूनच ठेवतो, बॅटरी वाचते.

तुला येणं शक्य नाही हे मला कळतं. तुझ्या गुडघ्यांना माझ्याकडचे दोन जिने म्हणजे शिक्षाच. तेव्हा लिहीत राहा.

तुझा,
हेमू

•

ठाकूरद्वार, तळमजला, राऊळांचं घर
२४ फेब्रुवारी

हेमू,

तिकीट लावलेलं नाही, तेव्हा पाकीट बघत बसू नकोस. हे प्राची तुझ्या दाराखालून आत सरकवणार आहे. बेल तिनं वाजवली होती, तू उघडलं नाहीस, म्हणजे यंत्र परत काढून ठेवलं आहेस.

तुझं पत्र वाचलं आणि सुंदराबाईला म्हटलं, टॅक्सी बोलाव. ती म्हणाली, बाई, वेड लागलं का. दिवाळीनंतर मी आज पहिल्यांदा रस्ता बघितला. माटुंग्याच्या बाजारात फुलांच्या दुकानांची जागा बदललीय, कोणी मला सांगितलंच नाही. दादरपासून पुढे सगळं खणून ठेवलेलं, टॅक्सीवाला सारखा कुरकुरत होता. मला फार मजा आली.

वाडीत उतरताना गुडघा आखडला, दार धरून उभीच राहिले. एक उंचापुरा मुलगा धावत आला आणि त्यानं माझा हात धरला. मी त्याला म्हटलं, मी हेमचंद्रची बहीण. त्यानं हात सोडला नाही. तोच मयूर. पुढच्या सोमवारपासून विमानतळावर रुजू होतोय. तुझ्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "काका रागावलेत आमच्यावर, म्हणून वर जात नाही." ऐकलंस? तो तुला घाबरून आहे आणि तू त्याला घाबरून जिन्यात लपतो आहेस. आता दोघांना घाबरण्यासारखं काही उरलेलं नाही, असं मी त्याला सांगितलं. तुला सांगायला मला वर येता येत नाही.

मी पहिल्या जिन्याच्या दोन पायऱ्या चढून बघितल्या. नाही जमत. मयूर म्हणाला, खुर्चीत बसवून वर नेतो, दोघं लागतील. मी नको म्हटलं. मला जमलं असतं तरी मी वर आले नसते.

मी जयवंतच्या खाटेशी बसले आहे. बराच वाळलाय. उजवा हात चालत नाही. तुझं नाव काढलं तेव्हा त्यानं डावा हात वर करून छताकडे दाखवलं आणि माझ्याकडे बघत राहिला. प्राची म्हणते, असं तो रोज करतो. त्यांना वाटायचं पंखा लाव म्हणतोय, ते उठून पंखा लावायचे. तो पंखा नाही, वरचं तुझं घर दाखवतोय हे मी तिला समजावून सांगितलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

प्राचीनं पोहे टाकलेत. सुंदराबाई नारळ खवते आहे आणि तिच्या सुनेबद्दल सांगते आहे, इथेही. टॅक्सीवाल्याला मी परत पाठवलं, तेव्हा आज रात्री मला कुठेतरी झोपायचं आहे आणि तुझ्याकडे तर मला चढता येत नाही.

तू आत येऊन काय बोलणार याची फार चिंता करू नकोस. जयवंतला बोलता येत नाही आणि तुला ऐकू येत नाही, तुम्हा दोघांचं आता भांडण होणंच शक्य नाही. पोहे निवतायत. खाली ये.

नलूताई